धुण्याचं बॅरल

उरवडे,
९ मार्च २०२५

कुशामामा, नमस्कार.

गॅरेजमध्ये जो माणूस फक्त पार्ट धुतो, त्याला कारागीर म्हणायचं की नाही? चार दिवस विचार करतेय, मला उत्तर सापडलेलं नाही. बाबांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "बी.एस्सी. झालीस आन हे इचारतीस? धुणारा म्हंजे धुणारा." म्हणून तुम्हाला विचारते. बाबांच्या हातात पाना तुम्ही दिलात. तुमचं उत्तर त्यांना मोडता येणार नाही.

फोनच करणार होते. आईनं थांबवलं. "दादाला फोनवर काय ऐकू येतंय? तीस वर्सं कंपनीत प्रेसच्या खडखडाटात कान गेलं त्येचं. आन धरणापल्याड रेंज तरी कुटं हाय? कागुद लिव." म्हणून हा कागद.

तुम्ही आमच्याकडे येऊन सहा वर्षं झाली. शेड तीच आहे, घराला लागून, पत्र्याची. पॉवर टिलर, पाण्याची इंजिनं, दुचाक्या, सगळं येतं. खोललेला प्रत्येक पार्ट मागच्या परसात धुतला जातो. पूर्वी रॉकेलमध्ये धुवायचे. रॉकेल मिळायचं बंद झालं तेव्हापासून घमेल्यात पेट्रोल ओततात. त्यात उघडा हात आणि दात घासायचा जुना ब्रश. दहा पावलांवर पाणी तापवायची चूल. धुणाऱ्याचे हात मनगटापर्यंत पांढरे पडून फाटलेत. उरलेलं काळं पेट्रोल ओढ्याकाठी ओततात, आणि खालच्या अंगाला मेंढरं पाणी पितात.

तीन वर्षं मी कॉलेजात द्रावकं शिकले. कुठलं कातडीतून आत जातं, कुठलं ठिणगीनं पेटतं, हे पाठ करून पास झाले. घरातली पहिली पदवी याच अभ्यासाची. ती भिंतीवर लावायची आणि मागे घमेलं चालू ठेवायचं, हे मला जमणार नाही. मी पार्ट धुण्याचं यंत्र बनवणार आहे. दोनशे लिटरचं बॅरल उभं चिरायचं, अर्ध्यात जाळी बसवून धुण्याची परात, खाली टाकी, टाकीत कूलरचा पंप, वर नळी. पेट्रोलचा थेंब नाही, पाण्यात कालवलेलं औषध. तेच पाणी फिरून फिरून वर येईल.

टाकी कशी करावी ते सांगा. कंपनीच्या टूलरूममध्ये तुम्ही अशा टाक्या पाहिल्या असतील. बाबांना मी विचारणार नाही.

तुमची
राजनंदिनी

• • •

धरणापल्याड,
१७ मार्च

नंदे,

तुजं पत्र यष्टीच्या ड्रायवरनं आणून दिलं. अक्षर चांगलं हाय.

इचारलंस म्हणून सांगतो. धुणारा कारागीर न्हाई. पर कारागीर व्हायला दुसरी वाट बी न्हाई. माज्या हाताखाली जो आला त्येला मी पयलं एक वरीस पाना दिला न्हाई. धू म्हनलं. धुताना बोट फिरतं. कुटं घासलंय, कुटं चीर गेलीय, ते डोळ्याच्या आदी बोटाला कळतं. वरीसभर धुतलं की मग पाना माग. ह्यो माजा नेम. तुजा बाप बी ह्याच नेमानं मिस्त्री झाला.

तू यंत्र केलंस तर धुणाऱ्याचं बोट पार्टाला लागायचंच न्हाई. मग त्यो शिकायचा कसा? ह्ये शिकल्याल्या लोकांचं आसंच आसतं. तरास काडाय जात्यात आन इद्या बी काडून टाकत्यात. हात तर समद्यांचंच फाटत्यात. कोकमतेल लाव म्हनावं.

धुणारा कोन ठिवलाय ते तू लिवलं न्हाईस. गावातला हाय का बाहेरून आल्याला? त्येचं वरीस झालं आसंल तर तुज्या बापाला, सिद्धनाथला सांग, कुशाबा मिस्त्री म्हनत्यात, पाना दे.

कूलरचा पंप पेट्रोलात घालू नगंस, घर जाळशील. टाकीचं मागनं बघू. आदी कायतरी करून दाव.

राजीला, तुज्या आईला इचार, दादाची आठवण येती का.

कुशाबा

• • •

उरवडे,
६ एप्रिल

कुशामामा, नमस्कार.

करून दाखवलं, आणि बिघडवूनही दाखवलं. दोन्ही सांगते, कारण दुसरी गोष्ट तुम्हाला बाबांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

बॅरल मी स्वतः चिरलं. आधी आतलं ऑइल धुऊन, पाण्यानं काठोकाठ भरून, मग रिकामं करून, वाळवून. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "लगीन झाल्यावर नवऱ्याला काय करून घालशील? बॅरलची भाजी?" मी ग्राइंडर चालू केला, म्हणजे पुढचं ऐकू आलं नाही.

पाण्यात मी कॉस्टिक सोडा घातला. पहिले दोन दिवस मी कुणाशी धड बोलत नव्हते, इतकी खूश होते. टिलरचे गियर, लोखंडी झाकणं, साखळी, सगळ्याचं ग्रीस साबणासारखं सुटत होतं. तिसऱ्या दिवशी आमचं गावातलं जुनं गिऱ्हाईक, हैबतअण्णा, त्यांच्या टिलरचा कार्बुरेटर जाळीवर ठेवला आणि चहा प्यायला गेले. परत आले तर त्यातून बुडबुडे निघत होते. मामा, मला आनंद झाला. वाटलं, घाण सुटतेय.

ती घाण नव्हती, कार्बुरेटर होता. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं. बारावीच्या पेपरात मला हाच प्रश्न आला होता आणि मी पूर्ण गुण मिळवले होते.

बाबांनी तो चिमट्यानं उचलून उजेडात धरला. "पदवीनं पार्ट विरघळला," म्हणाले. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. संध्याकाळी मी तो कागदात गुंडाळून स्वतः हैबतअण्णांच्या घरी नेला. बाबा म्हणत होते, सांगू नको, जुनाच खराब होता म्हणू. मी म्हटलं, खोटं बोलून धुतलेला पार्ट स्वच्छ होत नाही. हैबतअण्णांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, "कार्बुरेटर दिला व्हता बाय. बत्तासा करून आनलास?" पण ओरडले नाहीत. आमच्या शेडमागे एक मेलेला टिलर पडलाय, त्याचा कार्बुरेटर काढून मी बसवून दिला.

यंत्र बंद करणार नाही. औषध बदलते. हाताला आणि अ‍ॅल्युमिनियमला, दोघांनाही सोसेल असं.

धुणाऱ्याला कोकमतेल लावलं. फरक नाही.

राजनंदिनी

• • •

धरणापल्याड,
१५ एप्रिल

नंदे,

बत्तासा वाचून मी यवडा हासलो की शेजारची म्हातारी बगाय आली, मला काय झालं म्हणून.

पर तू सोता नेऊन दिलास, ते बरं केलंस. मी कंपनीत पयल्या वर्सी एक डाय, म्हंजे पत्रा दाबायचा साचा, फोडली व्हती आन दुसऱ्याच्या नावावर घातली व्हती. त्येचं नाव मला आजून म्हाइती हाय. आता टाकी सांगतो.

टाकीत दोन उभ्या पट्ट्या घाल, म्हंजे तीन कप्पं व्हत्यात. पयली पट्टी खालनं बंद ठिव, वरनं उगडी. दुसरी वरनं बंद, खालनं उगडी. वापरल्यालं पानी पयल्या कप्प्यात पडंल, जड गाळ तितंच बसंल. मदल्यात त्याल वर तरंगंल, ते पळीनं काडत जा, ताकावरचं लोणी काडत्यात तसं. तिसऱ्यात सवच्छ पानी ईल. पंप तितं ठिव. पंपाच्या तोंडाला जुनी साडी दुपदरी बांध. पानी कोमट ठिव, गरम न्हाई. लोखंडाचा पार्ट धुतला की लगीच वाऱ्यानं वाळव आन त्यालाचा हात फिरव, न्हाईतर गंजंल. मंग मला शिव्या देशील.

आन दुसऱ्यांदा इचारतोय. धुणारा कोन हाय? तू दोन्ही पत्रात त्येचं हात लिवतीस आन नाव लिवत न्हाईस. मला शंका यायला लागलीय की तूच धुतीस. तसं आसंल तर बेस हाय. वरीस पुरं कर.

कुशाबा

• • •

उरवडे,
४ मे

कुशामामा,

तीन कप्प्यांची टाकी चालली. पाण्यात साबण आणि थोडा टाकणखार आहे, आणि हैबतअण्णांच्या शेजाऱ्याचा कार्बुरेटर त्यातून जसाच्या तसा बाहेर आला. मधल्या कप्प्यातलं तेल मी डब्यात साठवते. जुनं ऑइल नेणारा ते घेऊन जातो. ओढ्यात काही जात नाही. हे सगळं आधी लिहिते, कारण पुढचं लिहिल्यावर तुम्ही टाकीचं वाचणार नाही.

धुणारी मी नाही. आई आहे.

माझ्याकडून तिनं शपथ घेतली होती, दादाला कळवायचं नाही. "त्येला वाटंल, बहीन दिली ती धुण्या-भांड्याला दिली." ती शपथ मी आज मोडतेय, तिला सांगून मोडतेय. ती लसूण सोलत राहिली.

भांडी झाली की घमेलं, हे मी लहानपणापासून पाहतेय, आणि ते मला दिसत नव्हतं. मी आत बसून द्रावकं पाठ करत होते, भिंतीपलीकडे आई द्रावकात हात घालून बसली होती. मला ती कधी म्हणाली नाही, ये, जरा धर. "तू वाच," म्हणायची. माझी पदवी अशी झालीय. तुमचा नेम वाचल्यापासून मला झोपेतही तोच दिसतो. एक वर्ष धुतलं की पाना. तिची किती वर्षं झाली, तुम्हीच मोजा.

आणि तुमचा नेम खरा आहे, हे मी पाहिलंय. लग्नाआधी ती मेंढीच्या तोंडात बोट घालून, दात चाचपून वय सांगायची ना? तेच बोट आहे. मागे एकदा घमेल्यातून पिस्टनची पिन काढून ती म्हणाली, "ही खाल्लीया." बाबांनी मोजली, खरंच झिजलेली होती. बाबांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "मला बघताच कळलं." आई चहा घेऊन आली आणि कप ठेवून गेली. असं शंभरदा झालं असेल.

आता ते बोट जायला लागलंय. फेब्रुवारीत चीर गेलेलं एक बेअरिंग तिच्या हातून निसटलं. इंजिन आठ दिवसांत परत आलं. बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "बोटं हायेत का लाकडं?" त्या दिवशी मी तिच्या बोटाला सुई टोचून पाहिली. तिला कळलं नाही. पिरंगुटच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पेट्रोल थांबलं तर जाणीव हळूहळू परत येऊ शकते. नाही थांबलं तर येणार नाही. कितपत येईल ते त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून यंत्र. इद्या काढून टाकायला नाही, मामा. घाण पाण्यानं काढायची आणि बोट स्वच्छ पार्टावरून फिरवायचं. काळ्या पेट्रोलात बुडवून नाही.

तुम्ही बाबांचे गुरू आहात. बाबांनी तुमचा नेम मोडला आहे. त्यांना विचारा.

राजनंदिनी

• • •

धरणापल्याड,
२७ मे

नंदे,

तीन आठवडं लिवलं न्हाई. चारदा लिवाय बसलो.

तुज्या बापानं नेम मोडला न्हाई. मी मोडला. त्येनं चालू ठिवला यवडंच.

कंपनीतनं रोज सांजचं आल्यावर मी घरच्या पडवीत इंजनं खोलायचो. सिद्धनाथ तितं आला शिकाय. त्येला पयल्याच दिशी धुवाय बसवलं. त्येला रॉकेलच्या वासानं वकाऱ्या यायच्या. दोन म्हयनं कसंतरी रेटलं त्येनं. मंग राजी म्हनली, दादा, मी धुते, त्येला बरं न्हाई. पंदरा वर्साची व्हती. चार वर्सं धुतलं तिनं. मेंढरं वाड्यात घातली की पडवीत.

तिनं पाना मागितला व्हता. एकदाच. मी म्हनलं, तुला कशाला, उद्या लगीन झालं की कोन तुज्या हातात पाना देतंय. तिनं परत मागितला न्हाई. पुढच्या वर्सी मी तिचं लगीन सिद्धनाथशीच लावलं. माजी पेटी, पानं, मापं, समदं त्येला दिलं. दोन म्हयनं धुतल्याल्या माणसाला. आन गावभर सांगत फिरलो, माज्या नेमानं तयार झाल्याला गडी हाय.

तुला मी पयल्या पत्रात त्यो नेम लिवला तवा मला ह्यातलं काय बी आठवलं न्हाई. खोटं न्हाई सांगत. खरंच आठवलं न्हाई. ते आता जास्त लागतंय.

यंत्र चालू ठिव. मी सिद्धनाथला काय तोंडानं इचारू?

कुशाबा

• • •

उरवडे,
५ जून

कुशामामा,

तुमचं पत्र आईनं स्वतः वाचलं. सातवीपर्यंतचं वाचन तिला पुरतं. वाचून घडी घातली आणि म्हणाली, "दादाला आठवलं म्हंजे." मग भाकऱ्या थापल्या. मला वाटलं रडेल. त्या दिवशी भाकऱ्या मात्र नेहमीपेक्षा जाड झाल्या.

मी तुमच्यावर रागावले आहे, आणि ते लपवून लिहिणार नाही. तुमचं पत्र तीनदा वाचलं. कसं झालं ते त्यात सगळं आहे, पण चुकलं असं एकदाही लिहिलेलं नाही. आणि शेवटी तुम्ही मलाच विचारता, कुठल्या तोंडानं. ज्या तोंडानं नेम सांगत होता त्याच तोंडानं. मी लहान आहे, तुम्ही मोठे. तरी लिहिते. बाबांना तुमच्या हातानं लिहा. मी सांगितलेलं त्यांना पोरीचं बोलणं वाटतं.

इकडची हकीकत. पंधरा दिवस झाले, आता सगळेच पार्ट यंत्रात धुतले जातात, आईचा हात पेट्रोलात गेलेला नाही. यंत्र मी परसातून उचलून शेडच्या तोंडाशी आणलं, रस्त्यावरून दिसेल असं. बाबांना तेच सगळ्यात जास्त खटकलं. "मागं असू दे की. समोर कशाला नाचवतीस?" मी म्हटलं, काम आहे, लपवायचं काय? ते म्हणाले, "बायामाणसं इंजन खोलत्यात कळलं तर गिऱ्हाईक पिरंगुटला जाईल."

खोलत नव्हती ती अजून. पण त्यांनी शब्द काढला म्हणून मीच दुसऱ्या दिवशी एक बंद पडलेलं पाण्याचं इंजिन तिच्यापुढे ठेवलं. मला वाटलं शिकवावं लागेल. तिनं बोल्ट कुठल्या क्रमानं सोडायचे ते मला सांगितलं. तीस वर्षं येणारा प्रत्येक पार्ट कुठून येतो ते तिला माहीत होतं, फक्त सोडलेला कधी नव्हता. पाना चुकीच्या बाजूनं धरला आणि स्वतःशीच हसली. हैबतअण्णा बाहेर बाकावर बसले होते. म्हणाले, "राजाबाई, आता भाकऱ्या कोन, सिद्धनाथ करणार का?" आई खाली मान घालून म्हणाली, "त्येला परात धुवाय येती का, आदी बगू."

बाबांनी ऐकलं. हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

लोक मला विचारतात, पदवी घेऊन घरी काय करतेस. मी सांगते, पार्ट धुते. रोज दोन तास, माझं वर्ष आत्ता सुरू झालंय.

राजनंदिनी

• • •

धरणापल्याड,
१६ जून

नंदे,

सिद्धनाथला येगळं पत्र टाकलंय. लांब न्हाई. लिवलंय की राजीचं वरीस कवाच पुरं झालंय, मी नेम मोडला व्हता, आता तू मोडू नगंस, तिला पाना दे. आन खाली सही.

तू म्हनतीस चुकलं आसं लिव. चुकलं. टूलरूमात माप चुकलं की पार्ट फेकायचो आन दुसरा करायचो, बोलायची सवय लागली न्हाई. हितं फेकाय काय न्हाई.

राजीला भेटाय ये म्हनू नगंस. धाडस न्हाई. तिला कोकमतेल धाडतोय, त्यानं काय व्हत न्हाई ते म्हाइती हाय तरी बी.

पावसात पंपाकडं ध्यान ठिव. कूलरचा पंप नाजूक जातीचा आसतो.

कुशाबा

• • •

उरवडे,
३ जुलै

कुशामामा, नमस्कार.

तुमचं पत्र बाबांनी शेडमध्ये उभ्यानं वाचलं आणि खिशात घातलं. आठ दिवस ते खिशातच होतं. नवव्या दिवशी आई काम करत होती तिथे त्यांनी पाने-मापांची पेटी उघडून ठेवली आणि चहा प्यायला निघून गेले. मला वाटलं, झालं. मी भोळी आहे, तुम्हाला माहीत आहे.

भाताच्या चिखलणीची घाई लागली आणि टिलर रांगेनं आले. परवा सकाळी बाबांनी हात पुसलेल्या चिंध्या परातीत टाकल्या. मुद्दाम टाकल्या असं मी म्हणत नाही. सवयीनं टाकल्या. एक चिंधी साडीच्या गाळणीखालून गेली, पंप अडकला आणि जळाला. तुम्ही सांगितलं होतंत तसाच नाजूक निघाला. मी लगेच पुण्याला फोन करून धातूचा पंप मागवला. ते म्हणाले, चार दिवस लागतील.

तेव्हा हैबतअण्णांचा टिलर मधोमध खोललेला होता आणि ते स्वतः दारात उभे. बाबा म्हणाले, "तवर घमेल्यात धू." माझ्याकडे पाहून नाही, आईकडे पाहून. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. पाणी दे म्हणावं तसं.

आणि आई उठली, मामा. पाना खाली ठेवला, पदर खोचला आणि परसाकडे निघाली. दुसऱ्यांदा सांगावंही लागलं नाही. बाबांच्या बोलण्यापेक्षा तिचं ते उठणं मला लागलं. गेल्याच आठवड्यात तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला पार्टाचा गारवा कळला होता. तिनं मला हाक मारून सांगितलं होतं, "गार लागतंय गं." सहा आठवड्यांत एवढंच परत आलंय. चार दिवस घमेल्यात घातले तर तेही जाईल.

मी तिला दारात अडवलं. बाबांना आणि हैबतअण्णांना बाहेर यायला सांगितलं. त्यांना वाटलं काहीतरी दाखवायचं आहे, ते आले. मग मी शेडचा दरवाजा ओढला आणि कुलूप लावलं. तयार झालेले दोन टिलर सकाळीच गेले होते. आत फक्त हैबतअण्णांचा राहिला. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं.

बाबा म्हणाले, "चावी." मी म्हटलं, पंप आला की. ते म्हणाले, "घर माजं हाय." मी म्हटलं, हात तिचे आहेत. रस्त्यावर पाच-सहा माणसं थांबली होती. कुणीतरी म्हणालं, "शिकवा अजून पोरींना." मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो चालायला लागला. बाबांनी कुलूप तोडायचा विचार केला असावा, कारण ते इकडेतिकडे बघत होते. पण ग्राइंडर, छिन्नी, घण, सगळं आतच होतं.

हैबतअण्णा चिडले. "माझं रोप तयार हाय. हितं तुमच्या घरच्या भांडणात माझं भात जायचं." त्यावर मी काही बोलायच्या आत आई पुढे आली. आजवर गिऱ्हाइकाशी ती कामाचं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "रोप तुमचं अठरा दिसांचं हाय अण्णा, मी बांधावरनं जाताना बगितलंय. आणकी पाच दिस थांबतंय. पंप आला की पयला टिलर तुमचा, आन त्यो मी जोडनार. आत्ता घाईनं धुतला तर चीर कळायची न्हाई मला. मंग शेतात मधीच बंद पडंल, तवा कुनाला बोलाल?"

हैबतअण्णा बाबांकडे बघत राहिले, बाबा पत्र्याकडे. शेवटी हैबतअण्णा म्हणाले, "बाई बरोबर बोलतीया, सिद्धनाथ," आणि छत्री उघडून गेले.

मला भीती होती ती संध्याकाळची. बाबा रागावून चावी मागतील ते मी सोसेन. पण ते जेवणार नाहीत, मग आई जेवणार नाही, मग आईच हळूच म्हणेल, दे गं, कशाला ताणतेस. तिनं मागितली असती तर माझ्यानं नाही म्हणवलं नसतं. म्हणून चावी घरात ठेवायचीच नाही असं मी ठरवलं. नवं कुलूप होतं, चाव्या दोनच. दुपारी पिरंगुटच्या पोस्टात जाऊन दोन्ही एका जाड पाकिटात घातल्या आणि तुमच्या नावानं रजिस्टर करून पाठवल्या. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, आमचं गॅरेज.

हे पत्र यष्टीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, म्हणजे वेळेत पोचेल. चाव्या तुम्हाला उद्या-परवा मिळतील. त्या टपालानं परत पाठवायच्या नाहीत. तुमच्याकडून पहिली यष्टी निघते, तिनं तुम्ही स्वतः घेऊन यायच्या आणि आईच्या हातात द्यायच्या. धाडस नसेल तर गॅरेज बंद राहील. मी तुम्हाला विचारत नाही, कळवतेय.

घरी आल्यावर बाबांना पोस्टाची पावती दाखवली. त्यांनी ती उजेडाला धरून तुमचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला परत दिली. मग जेवायला बसले. आईनं वाढलं. तिलाही मी पानावर बसवलं.

तुमची
राजनंदिनी